दिवा लावला की नेट जातं

"पोरगं अभ्यासाला बसलं की नेट जातं."

फोनवर अप्पा होते. मी बार्शी रोडला एका क्लासच्या गच्चीवर कॅमेऱ्याची वायर ओढत होतो. आमच्या नेट-कॅमेऱ्याच्या धंद्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. लाल लाइट लागलाय, स्पीड येईना, पासवर्ड विसरला, उंदरानं वायर तोडली. पण लातुरात, जिथं अख्खं शहर पोरांच्या अभ्यासावर चालतं, तिथं अभ्यासानं नेट जातं ही तक्रार मी कधी ऐकली नव्हती. हसू आलं होतं, पण अप्पांचा आवाज हसण्यासारखा नव्हता. "आजच या बगा. नाहीतर उद्या ह्या घरात तीन नेट येत्यात."

त्यांचं घर गंजगोलाईच्या अलीकडं. पुढची बाजू जुनी, हातभर जाडीच्या दगडी भिंतींची. वर पूर्वी माळवद होतं. १९९३ च्या भूकंपानंतर अप्पांच्या वडिलांनी ते उतरवलं आणि मागच्या अंगाला पिलर टाकून नवं बांधकाम केलं. पुढच्या खोलीत अप्पांचं आडतीचं कामकाज चालतं, टॅलीचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर तिथंच. मधले भाऊ तात्या. त्यांची सून पुण्याच्या एका कंपनीचं काम मागच्या खोलीत बसून करते. धाकटे भाऊ शाळेत शिक्षक, त्यांचा पोरगा बारावीला, नीटची तयारी करतोय, वरच्या खोलीत बसतो. चुली तीन, नेट एक, बिल आळीपाळीनं.

मी पोचलो तेव्हा सगळे पुढच्याच खोलीत होते, आणि वातावरण नेटचं नव्हतं, वाटणीचं होतं. सूनबाईंची संध्याकाळची मीटिंग रोज तुटते. अप्पांचा कॉम्प्युटर मात्र त्याच वेळी धडधडीत चालू असतो. तात्यांनी त्याचा सरळ अर्थ काढला होता: नेटचा डबा, म्हणजे राउटर, अप्पांच्या खोलीत, पासवर्ड अप्पांकडं, म्हणजे अप्पांनी काहीतरी करून ठेवलंय. अप्पांचं म्हणणं, पोरगं वर बसून पिक्चर उतरवतंय. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वरच्या मजल्यावर कोण किती ओढतं यावरून भांडायची सवय जुनीच. पोरगं तिथं नव्हतं. ते वर अभ्यास करत होतं.

कंपनीचा माणूस आदल्या आठवड्यात दुपारी येऊन गेला होता. त्यानं फायबरचा सिग्नल मोजला, डबा बंद करून चालू केला, नेट चाललं. जाताना म्हणाला, एवढ्या माणसांना १०० एमबीपीएस पुरत नाही, ३०० चा प्लॅन घ्या. हे सांगणं मला कायम खटकतं. एका चांगल्या व्हिडिओ मीटिंगला चार एमबीपीएसच्या आसपास लागतात. टॅली आणि जीएसटीच्या साइटला तर त्याहून कमी. पोरानं खरंच पिक्चर लावला असता तरी शंभरात हे घर आरामात बसलं असतं. शिवाय स्पीड कमी पडला की नेट हळू होतं, गोल चक्र फिरत राहतं. इथं तसं नव्हतं. जे चालायचं ते झकास चालायचं, जे बंद ते ठार बंद.

म्हणून मी सूनबाईंना एकच विचारलं, "ताई, बंद पडतं तेव्हा वायफायचं चिन्ह दिसतं का?"

"दिसतं ना दादा. पूर्ण काड्या असतात. कनेक्टेड म्हणतं, पण इंटरनेट नाही म्हणतं. आणि तेव्हा पुढच्या प्रिंटरवर प्रिंटसुद्धा जात नाही."

नेट नाही हे समजू शकतं. पण प्रिंटर घरातलाच. त्याला बाहेरचं नेट लागतच नाही. तोही दिसत नाही म्हणजे घोटाळा कंपनीच्या वायरीत नव्हता, घरात होता.

लॅपटॉप मागितला. काळ्या खिडकीत मशीनचा पत्ता दाखवणारं आयपीकॉन्फिग टाकलं. पत्ता आला १९२.१६८.०.१०४, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.०.१. मग अप्पांच्या कॉम्प्युटरवर तेच केलं. तिथं १९२.१६८.१.५, गेटवे १९२.१६८.१.१. तिसरा आकडा म्हणजे गल्ली समजा: एक भाऊ शून्याच्या गल्लीत, दुसरा एकच्या गल्लीत. कंपनीच्या डब्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. मग हे शून्यवालं कोण?

जरा मागं जाऊन सांगतो, कारण इथंच सगळी मेख आहे. घरात कनेक्शन एक असलं तरी मशिनी दहा असतात. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. प्रत्येकाला जगातला वेगळा पत्ता द्यायचा म्हटलं तर पुरणार नाहीत. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, आणि ते कधीच वाटून संपत आले. म्हणून घरातल्या वापरासाठी काही पत्ते बाजूला काढून ठेवलेत. १९२.१६८ नं सुरू होणारे त्यातलेच, १९९६ च्या नियमात तसं लिहिलेलं आहे. तुमच्या घरात आणि माझ्या घरात तोच पत्ता असला तरी बिघडत नाही, कारण तो उंबऱ्याबाहेर जातच नाही. बाहेर जाताना राउटर त्या जागी आपला पत्ता लावतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. घरातले पत्ते वाटायचं कामही तोच करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. मशीन सुरू झाली की ती ओरडून विचारते, "कोणी पत्ता देता का?" जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता ती बहुतेक वेळा घेते. देणारा कोण, त्याला अधिकार आहे का, हे ती विचारत नाही.

१९२.१६८.०.१ हा आकडा बघून मला सायबर कॅफेचे दिवस आठवले. तेव्हा राउटर परवडायचा नाही. एकाच कॉम्प्युटरला दोन लॅन कार्डं लावायची, एकात ब्रॉडबँड, दुसऱ्यातून स्विच, म्हणजे बाकीच्यांच्या वायरी जोडायची पट्टी, आणि विंडोजमधलं शेअरिंग चालू करायचं. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ साली ही सोय आली आणि गल्लोगल्ली कॅफे उभे राहिले. शेअरिंग चालू केलं की तो कॉम्प्युटर स्वतःला हाच पत्ता घ्यायचा, १९२.१६८.०.१, आणि बाकीच्यांना पत्ते वाटायचा. कॅफेतल्या पोरानं चुकून दुसऱ्या मशीनवरही शेअरिंग चालू केलं की निम्मे कॉम्प्युटर बंद. इथंही कोणीतरी दुसरा पत्ते वाटत बसला होता.

लॅपटॉपवरून १९२.१६८.०.१ ला सतत पिंग लावलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारत राहिलो. एका मिलिसेकंदात उत्तर. म्हणजे पाहुणा लांबचा नव्हता, घरातच जेवत होता. अप्पांच्या टेबलाखाली आठ भोकांचा स्विच, त्यात धूळ आणि वायरी, एकीवरही चिठ्ठी नाही. अप्पांना टॅली बंद करायला लावलं आणि एकेक जॅक उपसायला लागलो. डीव्हीआरचा काढला, पिंग चालू. प्रिंटरचा काढला, चालू. मग एक राखाडी वायर काढली आणि स्क्रीनवर ओळी बदलल्या: रिक्वेस्ट टाइम्ड आउट, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. परत लावली, उत्तरं सुरू. ती वायर खिडकीच्या चौकटीतून बाहेर, जिन्याच्या कडेनं वर.

"ही कोणाची?"

अप्पांनी वर बघितलं. तात्यांनी अप्पांकडं बघितलं.

वर गेलो. पोरगं टेबलाशी, समोर जीवशास्त्राचं पुस्तक, डोक्यावर एलईडीचा दिवा. टेबलाखाली एक एक्स्टेन्शन बोर्ड, सगळ्या पिनांना मिळून एकच बटण. त्यात दिवा, मोबाइलचा चार्जर, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यामागं एक मोडक्या अँटेनाचा जुना पांढरा राउटर, हिरवे लाइट लुकलुकत असलेला. मी तो हातात घेतला. राखाडी वायर त्याच्या पिवळ्या, घरातल्या मशिनींसाठीच्या भोकांपैकी एकात खोचलेली. बाहेरून नेट येतं ते निळं भोक रिकामं.

"ते चालत नाही काका," पोरगं म्हणालं. "खालचं वायफाय वर येत नव्हतं, म्हणून पहिल्या कनेक्शनचा डबा लावून बघितला. कधी लागायचं, कधी नाही. मग सोडून दिलं. मी मोबाइलच्या डेटावरच बघतो सगळं."

म्हणजे ज्याच्यावर घर नेट संपवल्याचा आळ घेत होतं, तो घरचं नेट वापरतच नव्हता. तो फक्त दिवा लावत होता. दिव्याचं बटण दाबलं की डबाही सुरू व्हायचा आणि अर्ध्या मिनिटात पत्ते वाटायला बसायचा. त्याच्याकडं बाहेर जायचा रस्ताच नव्हता, त्यामुळं त्याच्याकडून पत्ता घेणारा तिथंच अडकायचा. अप्पांचा कॉम्प्युटर सकाळी दिवा विझल्यावर सुरू झालेला, खऱ्या डब्याकडून पत्ता घेऊन बसलेला, तो दिवसभर त्यावर चालायचा. सूनबाईंचा लॅपटॉप झाकण लावून ठेवलेला असायचा, मीटिंगच्या वेळी उघडला की तो नव्यानं विचारायचा, आणि वरचा रिकामटेकडा डबा आधी ओ द्यायचा. डीव्हीआरला मी पूर्वी बसवतानाच पक्का पत्ता देऊन ठेवला होता, म्हणून कॅमेरे एकदाही बंद पडले नव्हते. कंपनीचा माणूस दुपारी आला, तेव्हा दिवा बंद. त्याला सगळं बरोबरच दिसलं.

खाली येऊन सांगितलं तर तात्यांना ते पटेना. एवढ्याशा डब्यानं, ज्यात नेटच येत नाही, त्यानं नेट कसं बंद होईल? मी म्हटलं, तात्या, एका आडतीवर दोन मुनीम बसवा, एकाकडं गल्ल्याची किल्ली आणि दुसऱ्याकडं नुसतं पावतीबुक. शेतकरी दारातून आला की जो आधी हाक मारील त्याच्याकडं जाईल. दुसऱ्याकडं गेला तर पावती मिळेल, पैसे मिळायचे नाहीत. आडतीच्या घरात हे लगेच उतरलं. अप्पा म्हणाले, "म्हंजे लेकराला उगंच बोललाव आपण."

दुरुस्ती सोपी होती, आणि गंमत म्हणजे वायर जिथं होती तिथंच ठेवायची होती. लोकांना वाटतं वायर निळ्या भोकात लावली की झालं. नेट येतं खरं, पण मग वरचा डबा आपलं वेगळं घर मांडतो, त्यातल्या मशिनींना खालचा प्रिंटर सहजी सापडत नाही. वरच्या डब्याला नुसता वायफायचा खांब करायचा असेल तर पिवळं भोकच बरोबर. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करायचं आणि त्याला एकच्या गल्लीतला मोकळा पत्ता द्यायचा. मी १९२.१६८.१.२ दिला. खालचा डबा दहाच्या पुढचेच पत्ते वाटील असं करून ठेवलं, म्हणजे टक्कर नाही. प्रिंटरचाही पत्ता पक्का केला. वायफायचं नाव आणि पासवर्ड वर-खाली एकच ठेवला. बोर्डही बदलायला लावला, प्रत्येक पिनेला वेगळं बटण असलेला. नाहीतर दिवा विझला की वरचं वायफाय गेलं अशी उलटी तक्रार सुरू झाली असती.

हातात टेस्टर होता म्हणून ती राखाडी वायरही तपासली. सात आणि आठ नंबरच्या तारांचे लाइट लागेनात. जिन्याच्या वळणावर उंदरानं तपकिरी जोडी कुरतडली होती. वायरीत आठ तारा असतात, पण १०० एमबीपीएसला चारच लागतात: एक, दोन, तीन आणि सहा. म्हणून तपकिरी जोडी तुटली तरी वायर मेल्यासारखी वाटत नाही. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, मात्र आठही लागतात. जुना डबाही शंभरचाच होता, त्यामुळं आज काही अडत नव्हतं. तरी तुकडा कापला, नारंगी-पांढऱ्यापासून क्रमानं तारा लावून नवा जॅक दाबला. असली वायर बघून तशीच सोडून येणं मला जमत नाही, आणि त्याचे पैसेही कोणी वेगळे देत नाही.

मग परीक्षा. सगळी यंत्रं बंद केली. वरचा दिवा लावला, डबा लावला, मग एकेक मशीन सुरू केली. लॅपटॉप १९२.१६८.१.११. पोराचा मोबाइल १९२.१६८.१.१२. सूनबाईंनी प्रिंट सोडली, पुढच्या खोलीत कागद बाहेर आला. त्या तिथंच लॅपटॉप घेऊन बसल्या, मीटिंग सुरू झाली, आणि माझ्यासमोर चहा आला.

तात्यांनी तरी शेवटचा प्रश्न काढलाच. डब्याचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडं राहणार? कंपनीनं दिलेला छापील पासवर्ड डब्याच्या पाठीवरच होता, तो मी बदलला होता. अप्पा म्हणाले, कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी नको म्हटलं, कॅलेंडर दारासमोरच टांगलेलं, माल घेऊन येणारा प्रत्येक जण ते बघतो. तात्या म्हणाले, सूनबाईकडं द्या, तिला कळतं त्यातलं. धाकट्या वहिनी आतून म्हणाल्या, रात्री अकराला वरचं नेट आपोआप बंद होईल अशी सोय असती का, असली तर पासवर्ड आमच्याकडं द्या. पोरगं जिन्यात उभं राहून माझ्याकडं बघत होतं. सोय आहे, असं मी सांगितलं, आणि नवा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला. मी गाडी काढेपर्यंत ती चिठ्ठी कोणी उचलावी हे ठरलेलं नव्हतं.