ठाण्याहून पुण्याला, पावसाळी रेसला

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरचा घोड्यांच्या रेसचा सीझन एप्रिलच्या सुमारास संपतो. मग घोडे ट्रकांतून बोरघाट चढतात आणि साधारण जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत रेस पुण्यातच होते. ठाण्यातल्या रेसप्रेमींना वर्षातून एकदा तरी गाडी काढावी लागते ती यासाठी. आम्ही शनिवार धरतो. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याला निघालेली निम्मी मुंबई सकाळी पुढे असते आणि संध्याकाळी परतीच्या लेनमध्येही तीच असते.

सकाळी सहाच्या आत ठाणं सोडावं. कळव्यावरून ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्ता, उरण फाटा, कळंबोली आणि एक्स्प्रेसवे. पाऊस जोराचा असेल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, अशा दिवशी मुलुंड-ऐरोली पुलावरून जावं. मुंब्रा बायपास आणि शीळफाट्याच्या वाटेला जाऊच नये, एक कंटेनर बंद पडला की तास गेला. घाटात धुकं असेल तर लो बीम चालू ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांचा मात्र खरंच राग येतो, कारण तो लेन बदलतोय की थांबतोय हे मागच्याला कळत नाही. किवळ्याला एक्स्प्रेसवे संपला की निगडी, दापोडी, खडकी आणि कॅम्प. रेसकोर्स एम्प्रेस गार्डनच्या शेजारीच आहे.

आत गेल्यावर बहुतेक लोक थेट सट्ट्याचे भाव लागलेल्या स्क्रीनसमोर उभे राहतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या कठड्याच्या रिंगणात, घोडे हातभर अंतरावरून फिरत असतात आणि गर्दीची त्यांच्याकडे पाठ! एवढा घाट चढून यायचं आणि घोडाच बघायचा नाही, हे काही पटत नाही. घोडे पॅडॉकमध्ये येण्याआधीच कठड्याची जागा धरावी.

पहिल्या फेरीत फक्त चाल बघावी. पुढच्या खुराचा ठसा उमटतो तिथे किंवा त्याच्याही पुढे मागचा खूर पडला पाहिजे. पाऊल आखूड पडत असेल किंवा प्रत्येक पावलाला मान खालीवर झटकत असेल तर तो घोडा कुठेतरी दुखणं लपवतोय असं समजावं. दुसऱ्या फेरीत घाम. पुण्याच्या दमट हवेत मानेवर थोडा ओलावा येणारच. पण मागच्या पायांच्या मध्ये पांढरा फेस दिसला, शेपूट सारखी झटकली जात असली आणि एका घोड्याला दोन सईस (घोडा सांभाळणारे) दोन बाजूंनी धरून असले, तर त्याची बरीचशी ताकद रेसआधीच खर्च होतेय. तिसऱ्यांदा अंग बघा. शेवटच्या फासळ्या पुसट दिसाव्यात, पोट लटकलेलं नसावं, पुठ्ठा मागून भरलेला दिसावा आणि ढगाळ उजेडातही कातडीला चमक असावी. कान पुढे-मागे हलत असतील तर उत्तम, कारण घोड्याचं लक्ष भोवती आहे. जॉकी बसल्यावर पाठ कडक करणारा घोडा मी यादीतून काढतो, मग तो फेव्हरिट (सर्वांत जास्त पैसे लागलेला) असो वा नसो.

आता मैदान. त्या दिवशीच्या रेसच्या पुस्तकात पेनेट्रोमीटरचं रीडिंग दिलेलं असतं. ठराविक उंचीवरून वजन सोडलं की सळई जमिनीत किती शिरते त्याचा तो आकडा, जितका मोठा तितकी जमीन मऊ. रेस सुटते त्या गेटकडे कँटर करत (हलक्या दौडीने) जाणारे घोडे दुर्बिणीतून नीट बघा. गुडघा उंच उचलून टाकणारा घोडा चिखलात सहसा निभावतो, जमिनीला घासत सपाट पळणाऱ्याला कोरडं मैदान लागतं. सलग पावसाने रेलिंगलगतचं गवत तुडवून निघालं की फॉल्स रेल, म्हणजे तो पट्टा वगळणारं तात्पुरतं रेलिंग, लावतात. ती नसेल तर अनुभवी जॉकी शेवटच्या सरळ पट्ट्यात घोडे बाहेर काढून मधल्या चांगल्या गवतावर आणतात. आतल्या बाजूने जवळचं अंतर कापणारा मग मागे का पडला, याचं उत्तर तिथेच सापडतं.

दुर्बीण 8×42 पुरते. 10 पटीची हातात थरथरते, आणि 1200 मीटरची रेस जेमतेम सव्वा मिनिटात आटोपते, तेवढ्यात घोडा पुन्हा शोधायला वेळ नसतो. छत्री उघडली की मागच्यांना काहीच दिसत नाही, म्हणून रेनकोटच न्या. पैसे लावलेत तर निकाल लागताच तिकीट फाडू नका. जॉकीचं खोगिरासकट पुन्हा वजन होतं, ऑब्जेक्शन (निकालावर हरकत) आलं तर क्रमही बदलू शकतो.

शेवटच्या रेसनंतर लगेच निघू नये, कॅम्पात जेवून नऊनंतर गाडी काढावी. खंडाळ्याच्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. ओल्या रस्त्यावर सतत ब्रेक दाबत उतरणाऱ्या गाड्या तिथे दर वेळी दिसतात, आणि त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.