बारा गाळे आणि एक गिरणी

आमच्या संकुलाच्या दर्शनी बाजूला रस्त्यालगत बारा गाळे आहेत. त्यांपैकी तिसऱ्याचे शटर गेल्या महिन्यात उघडले आणि तिथे पिठाची गिरणी सुरू झाली. ताबा मिळाल्याला सहा वर्षे होत आल्यावर घरून चालत जाऊन गहू दळून आणता येऊ लागले, ही बातमी बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. परंतु या गिरणीमागे जवळजवळ साडेतीन वर्षांचा पत्रव्यवहार, दोन विशेष सर्वसाधारण सभा आणि विकासक-ग्राहक तंटे मिटवणाऱ्या सलोखा मंचापुढच्या चार बैठका आहेत. या काळात आमच्या ज्या चुका झाल्या त्या नव्याने घर घेणाऱ्यांच्या होऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, महामार्गाच्या सेवारस्त्यालगत आमचे संकुल आहे. २०१८ मध्ये आम्ही सदनिका नोंदवली तेव्हा माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा यांच्या बरोबरीने ‘रोजच्या गरजेची दुकाने आपल्या दारात’ असे एक पूर्ण पान होते. विक्री कार्यालयातल्या तरुणाने काचेखालच्या प्रतिकृतीवर बोट टेकवून किराणा कुठे, औषधे कुठे, दूध-भाजी कुठे, हेही दाखवले होते. माझ्या सासूबाई त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, की दळण कुठे मिळेल. ‘आजी, तेही इथेच,’ असे उत्तर मिळाले.

सासूबाईंचे आयुष्य शनिवार पेठेतल्या वाड्यात गेले. तिथे तळमजल्यावर दुकाने आणि वर बिऱ्हाडे, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा काही ना काही निमित्ताने त्यांचे खाली उतरणे होई. कोथिंबीर संपली, वाती हव्यात, चपलेचा अंगठा तुटला, अशी ती निमित्ते असत. एका फेरीत चार माणसे भेटत आणि कोणाच्या घरी काय चालले आहे ते कळे. इथे आल्यावर जवळचे किराणा दुकान निघाले ते महामार्गाच्या पलीकडे. तिथे जायचे तर सेवारस्त्यावरून, जिथे पदपथ नाही, आणि पुढे भुयारी मार्गातून, जिथे पावसाळ्यात पाणी साचते. पहिल्या वर्षी त्या दोनदा गेल्या. दुसऱ्या वेळी एका टँकरला वाट देताना गटाराच्या कडेवर पडल्या आणि मनगट मोडले. त्यानंतर त्यांची निळी कापडी पिशवी दाराच्या खुंटीवर नुसती लटकून राहिली. त्यांना काही हवे असेल तर आमच्यापैकी कोणी तरी मोबाइलवरून मागवतो. वस्तू दहा-पंधरा मिनिटांत दाराशी येते, पण सासूबाई घरातच राहतात.

घरपोच सेवेचा हा मुद्दा आमच्याच सभेत पुन्हा पुन्हा मांडला गेला, म्हणून त्याबद्दल लिहिणे भाग आहे. सगळे घरबसल्या मिळते तर दुकाने हवीत कशाला, असे तरुण सभासदांचे म्हणणे होते. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु संकुलात साडेचारशे सदनिका आहेत आणि त्यात केवळ स्मार्टफोन सराईतपणे वापरणारेच राहत नाहीत. घरकामाला येणाऱ्या बायकांना जाताना पाव लिटर तेल घ्यायचे असते, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना पहाटे चहा हवा असतो आणि रात्री नऊ वाजता शाळेसाठी कार्डशीट आठवणारी मुले तर घरोघरी आहेत. पलीकडच्या गावातला एक भाजीवाला संध्याकाळी टेम्पो घेऊन येत असे. त्याला फाटकापाशी थांबू द्यायचे की नाही यावर आम्ही दोन वर्षे वाद घातला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागच्या बारापैकी नऊ गाळे कुलूपबंद होते. कुलपांवर गंज चढला होता आणि पहिल्या तीन गाळ्यांत विकासकाचे पुढच्या टप्प्याचे विक्री कार्यालय थाटले होते.

गाळे बंद का राहतात, हे समजायला मला वेळ लागला. आधी वाटले की विकासकाचे दुर्लक्ष असेल, पण त्यात हिशेब आहे. सदनिकांची विक्री बांधकाम चालू असतानाच होते. गाळ्याची किंमत मात्र आजूबाजूला माणसे किती राहायला आली यावर ठरते, म्हणून संकुलाचे सर्व टप्पे भरेपर्यंत गाळे हातात राखून ठेवणे विकासकाच्या फायद्याचे असते. मधल्या काळात काही गाळे गुंतवणूकदार घेतात आणि भाव चढण्याची वाट पाहतात. त्यांना भाडेकरूची घाई नसते. गाळ्याचा चौरस फुटाचा दर सदनिकेच्या दरापेक्षा बराच जास्त, त्यावर बिगरनिवासी मिळकतकर आणि व्यापारी दराचे वीजबिल. एवढे सगळे सोसून कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्याला भाडे परवडत नाही. परवडते ते बँकेला, मोबाइलच्या दालनाला, घरे विकणाऱ्या दलालाला. त्यामुळे गाळे बांधले, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नसल्याचा पालिकेचा दाखला) मिळाले, कागदोपत्री वचन पूर्ण झाले, तरी रहिवाशाच्या हाती काहीच पडत नाही, अशी स्थिती येऊ शकते. आमच्या बाबतीत नेमके तेच झाले.

जुन्या नियमकर्त्यांना या प्रश्नाची जाण होती असे वाटते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ‘सोयीची दुकाने’ अशी वेगळी व्याख्या आहे. अशा दुकानाचे चटई क्षेत्र सर्वसाधारणपणे २० चौरस मीटरपेक्षा जास्त नसावे, असे तिच्यात म्हटले आहे आणि पुढे यादीच दिली आहे. त्या यादीत दूध, भाजी, वर्तमानपत्रे, कपडे शिवणारा आणि रफू करणारा, सायकल दुरुस्ती, इतकेच काय बांगड्यांचे दुकानही आहे. मला ही यादी वाचताना एखादी गल्ली डोळ्यांसमोर उभी राहिली. चंडीगडच्या आराखड्यातही प्रत्येक सेक्टरमधून जाणारा एक बाजाररस्ता मुळापासून धरलेला आहे. वस्तीसोबत बाजार हवा, हे त्या नियोजनात गृहीतच होते. आज तो माहितीपत्रकाच्या एका पानावर येऊन बसला आहे, आणि त्या पानाला किती किंमत द्यायची हा खरा प्रश्न आहे.

कायद्याच्या दृष्टीने त्या पानाला किंमत आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाले तर विकासकाने भरपाई द्यावी लागते. आम्ही पहिले पत्र याच कलमाच्या आधारे लिहिले. त्यावर आलेले उत्तर असे होते, की गाळे बांधलेले आहेत, त्यामुळे विधान चुकीचे ठरत नाही. शिवाय दीड किलोमीटरवर मोठे सुपर मार्केट आहे, त्यामुळे रहिवाशांची गैरसोय होत नाही.

या उत्तराच्या दुसऱ्या भागाला सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर देऊन ठेवले आहे, हे आमच्या वकीलबाईंनी दाखवले. बेंगळुरूच्या बेगूर भागातल्या एका गृहप्रकल्पातील ३३९ सदनिकाधारकांच्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला. भरपाईचा आदेश ताब्याला झालेल्या उशिराबद्दल, वार्षिक ६ टक्के दराने, होता. परंतु त्याच निकालात सुविधांविषयीही स्पष्ट विवेचन आहे. सदनिका विकून झाल्यावर एखादी सुविधा परवडत नाही असे विकासकाला वाटू शकते, पण म्हणून ग्राहकांना वाऱ्यावर सोडता येत नाही. परिसरात दुसऱ्या सोयी आहेत असे सांगून त्यांची बोळवण करता येत नाही. आपण केलेल्या विधानांना विकासकाने बांधील राहिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. हा परिच्छेद मी मराठीत करून सूचनाफलकावर लावला. सभेला येणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढली.

पहिला मुद्दा मात्र राहिलाच होता. गाळे बांधलेले होते, ते कोणी नाकारत नव्हते. आम्ही अडकलो ते इथेच, आणि या लेखात मला मुख्यत्वे हेच सांगायचे आहे. बांधून देण्याचे वचन आणि चालू करून देण्याचे वचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर आराखडा, करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र ही सगळी व्यवस्था पहिल्या वचनावर लक्ष ठेवते. दुसरे वचन आमच्या एकाही कागदावर नव्हते. गाळे कोणत्या तारखेपर्यंत चालू होतील, त्यांचा आकार किती राहील, ते कोणत्या वापरासाठी असतील, यातले काहीही आम्ही २०१८ मध्ये विचारले नव्हते. तलावाच्या फरशीचा रंग मात्र विचारला होता.

वाट मोकळी झाली ती विकासकाच्याच एका हालचालीमुळे. मधल्या भिंती काढून आठ गाळ्यांचे एक मोठे दालन करायचे आणि ते फर्निचरच्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचे, असे ठरल्याची कुणकुण लागली. आम्ही लगेच माहितीच्या अधिकारात मंजूर आराखड्याची प्रमाणित प्रत मागवली. त्यात रस्त्याकडेला बारा स्वतंत्र गाळे होते, प्रत्येकाची मापे लिहिलेली होती. रेराच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर विकासक सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी पूर्वसंमती लागते, आणि एखाद्याने कितीही सदनिका घेतल्या असल्या तरी तो एकच धरला जातो. विकासकाने करारनाम्यातले एक कलम पुढे केले, ज्यात भविष्यातल्या सर्व बदलांना आमची आगाऊ संमती घेतलेली होती. अशी सरसकट संमती पुरेशी नाही, बदलाची पूर्ण माहिती देऊन त्या बदलापुरती संमती घ्यावी लागते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यासंदर्भात घेतलेली आहे. ती नोंदवून आम्ही हरकत पाठवली आणि महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, सलोखा मंचाकडे अर्ज केला. हा मंच २०१८ पासून चालू आहे. त्यात विकासकांच्या संघटनेचा एक आणि ग्राहक संघटनेचा एक, असे प्रतिनिधी बसतात.

याच सुमारास आमच्यातच फूट पडली, तेही सांगितले पाहिजे. एक्केचाळीस सभासदांनी सह्या करून दुकानांनाच विरोध केला. बाहेरचे लोक येतील, दुचाक्या लागतील, टपऱ्या उभ्या राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यांचा राग आला होता. पण गाळ्यांसमोर वाहने लावायला जागाच उरलेली नाही, हा त्यांचा आक्षेप खरा होता. आराखडा नीट पाहिल्यावर कळले की ती जागा होती. विक्री कार्यालयाच्या बागेने ती व्यापली होती. विरोध करणाऱ्यांपैकी दोघे पुढे मंचाच्या बैठकांना आमच्यासोबत आले आणि ती जागा मोकळी करून घेण्याचे काम त्यांनीच तडीस नेले.

चौथ्या बैठकीत लेखी तडजोड झाली. भिंती राहतील; विकासकाच्या ताब्यातल्या सात गाळ्यांपैकी पाच गाळे तीन वर्षांसाठी ठरलेल्या भाड्याने, केवळ रोजच्या गरजेच्या दुकानांना दिले जातील; विक्री कार्यालय हलवले जाईल; आणि एखादा गाळा विकला तरी भाडेकराराची मुदत पाळण्याचे बंधन नव्या मालकावर राहील. शेवटची अट आमच्या वकीलबाईंनी सुचवली, आणि तिच्यावरच सर्वांत जास्त घासाघीस झाली. बदल्यात आम्ही या गाळ्यांना पहिले वर्ष सोसायटीच्या सेवाशुल्कात सवलत द्यायचे मान्य केले. काही सभासदांना ते पटले नाही. मला ते योग्य वाटते, कारण नवख्या दुकानदाराला पहिले सहा महिनेच जड जातात.

आज नव्याने घर घेणाऱ्यांची स्थिती आमच्यापेक्षा थोडी बरी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड लावणे बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की नोंदणीची कागदपत्रे दिसतात, आणि त्यातला मंजूर आराखडा माहितीपत्रकातल्या चित्राशी ताडून पाहता येतो. सुविधा कोणत्या आणि कोणत्या तारखेला मिळणार, याचा तपशील करारनाम्यात देण्याबाबतही महारेराने २०२४ मध्ये पाऊल उचलले. त्या तपशिलात तलाव आणि व्यायामशाळा विकासक स्वतःहून लिहील. गाळ्यांची ओळ आपणच लिहून घ्यावी लागेल: संख्या, मापे, वापर, चालू होण्याची तारीख, आणि एकत्र न करण्याची हमी. सही करण्यापूर्वीच्या आठवड्यात आपल्या शब्दाला जे वजन असते, ते ताबा घेतल्यावर राहत नाही.

आमच्या पाच गाळ्यांपैकी किराणा, औषधे आणि गिरणी चालू झाली आहेत. दुधाच्या गाळ्याचा करार झाला आहे, पण शीतकपाटासाठी वाढीव वीजभार अजून मिळालेला नाही. पाचवा रिकामाच आहे. तो टेम्पोवाल्या भाजीवाल्याला मिळावा यासाठी मी प्रयत्न करीत आहे. अनामत रक्कम तीन हप्त्यांत घ्यायला विकासकाचा व्यवस्थापक तोंडी तयार झाला आहे आणि ते लेखी घेण्यासाठी येत्या सोमवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. सासूबाईंनी परवा चार किलो गहू दळून आणले. पीठ जरा जाड आल्याची तक्रार त्यांनी गिरणीवाल्याकडे स्वतः जाऊन केली.