तुळई नागपूरची, दुरुस्ती सिएटलला विचारून

आमच्या सांताक्रूझच्या इंजिनिअरिंग विभागात एक खोली कायम बोइंगवाल्याची असायची. ‘फील्ड सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह’ हे त्याचं कागदावरचं पद. दर काही वर्षांनी माणूस बदलायचा, खोली तीच. ऐंशीच्या दशकात मी एअर इंडियात उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा त्याचं तिथं असणं इतकं मुरलेलं होतं की तो पाहुणा आहे असं कुणाला वाटतच नसे. कंपनी विमान विकते त्या दिवशी व्यवहार संपत नाही, पुढची वीस-पंचवीस वर्षं चालणारा व्यवहार त्या दिवशी सुरू होतो, हे मला त्या खोलीमुळे कळलं.

इतिहास थोडक्यात. पहिलं बोइंग ७०७ आलं १९६० मध्ये. विमानांना हिमालयाच्या शिखरांची नावं दिली होती. १९६२ पर्यंत पंख्याची विमानं काढून सगळा ताफा जेटचा झाला. १९७१ ला ७४७ आलं, नावं सम्राटांची, खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके. हे सगळं इतक्या वेळा लिहून झालंय की मी पुढे जातो.

नातं नेहमीच गोडीगुलाबीचं होतं असं नाही. १ जानेवारी १९७८ ला ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. नातेवाइकांनी अमेरिकेच्या न्यायालयात विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले; निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. मी लागलो तेव्हाही जुनी माणसं त्या विमानाचं नाव काढताना आवाज खाली करायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जातीचं ७४७ तपासायला घ्यायचं असायचं आणि पुस्तकं बोइंगचीच उघडायची असायची.

त्या पुस्तकांबद्दल सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे. समजा, सामान चढवणारा बेल्ट लोडर कार्गोच्या दरवाज्याजवळ आदळला आणि विमानाच्या अंगाला पोचा पडला. अंगठ्याएवढा पोचा, पण विमान तिथंच अडकतं. आधी सरळ पट्टी ठेवून खोली मोजायची. मग लांबी, रुंदी, जवळच्या फ्रेमपासूनचं अंतर, रिव्हेटच्या रांगेपासूनचं अंतर. मग स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल, म्हणजे कितपत पोचा चालतो आणि तो कसा दुरुस्त करायचा हे सांगणारं बोइंगचं पुस्तक. आमच्या वेळी ते मायक्रोफिल्मवर असायचं, यंत्राच्या पडद्यावर पानं सरकवत मान अवघडायची. मोजमाप मर्यादेत बसलं तर नोंद करून विमान सोडायचं. नाही बसलं, तर आकृती काढायची, फोटो घ्यायचे आणि सगळं बोइंगवाल्याच्या खोलीतून अमेरिकेत सिएटलला, बोइंगच्या इंजिनिअरांकडे पाठवायचं.

सिएटल आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. आमची रात्रपाळी सुटायच्या वेळी तिथं आदल्या दिवसाची संध्याकाळ, म्हणजे त्यांचे लोक घरी निघायच्या आत कागद पोचला तर पोचला, नाहीतर अख्खा दिवस गेला. उत्तर यायचं ते चोख: पट्टी कुठल्या मिश्रधातूची, किती जाडीची, रिव्हेट कुठले, किती रांगा, कडेपासून किती अंतर. आमचे शीट मेटलचे फोरमन ते यायची वाट बघत नसत. मला म्हणायचे, “कागद येईल तेव्हा येईल, तू पट्टी कापून ठेव.” आणि कागद आला की पट्टीत फरक निघत नसे. वर्षानुवर्षं तेच काम करून त्यांच्या हाताला ते कळायला लागलं होतं. नंतर आमचेच इंजिनिअर दुरुस्तीचा आराखडा करून पाठवायचे आणि तिकडून नुसती संमती यायची. तंत्रज्ञान देशात येणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. फीत कापायचा समारंभ त्यात कुठेच नव्हता.

मग ७८७ आलं. एअर इंडियाला पहिलं मिळालं सप्टेंबर २०१२ मध्ये, ठरल्यापेक्षा जवळपास चार वर्षं उशिरा. काही महिन्यांतच, जानेवारी २०१३ मध्ये, लिथियम बॅटऱ्यांच्या घोळामुळे जगभरातली सगळी ७८७ जमिनीवर आली, त्यात एअर इंडियाची सहा होती. बॅटरीभोवती स्टीलची पेटी आणि धूर बाहेर काढणारी नळी बसवायचा उपाय निघाला आणि त्यासाठी बोइंगने आपली पथकं विमान कंपन्यांकडे धाडली.

या विमानाचं अंग कार्बन फायबरचं. बेल्ट लोडर आदळला तर बाहेरून ओरखडाही दिसणार नाही आणि आत थर सुटलेले असतील. अल्ट्रासोनिक तपासणीशिवाय सांगता येत नाही. फोरमनच्या चाळीस वर्षांच्या डोळ्याला आणि बोटाला इथं काम उरलं नाही. मायक्रोफिल्मही गेलं, आता लॉगिन असतं आणि ते चालू ठेवायचे पैसे लागतात. ॲल्युमिनियमच्या काळात आपण जे हळूहळू मिळवलं, त्यातलं बरंच या एका पिढीच्या विमानाने काढून घेतलं असं माझं मत आहे. बोइंगने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तंत्र बदललं, आणि नवं तंत्र ज्याचं त्याच्याच हातात राहिलं.

आता नागपूर. २००५ च्या अखेरीस एअर इंडियाचा बोइंगशी ६८ विमानांचा सौदा झाला, तेव्हा बोइंगने भारतात देखभालीचं केंद्र उभारून देण्याचं कबूल केलं. जागा ठरली मिहान, नागपूर. देशाचा मध्य हे कारण होतंच. विमान वाहतूक मंत्री विदर्भातले होते हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ५० एकर जमीन, १० कोटी डॉलरच्या घरातला खर्च, दोन हँगर. प्रत्यक्षात काम सुरू व्हायला २०१५ उजाडलं. दहा वर्षं भिजत पडलेलं घोंगडं. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा आत ७७७ उभं होतं आणि तरी हँगर रिकामा वाटत होता, इतका मोठा. आमच्या सांताक्रूझच्या दाटीवाटीत आयुष्य काढलेल्या माणसाला जळफळाट व्हावा असा.

त्याच मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात ७८७ च्या फ्लोअर बीम बनतात. प्रवासी ज्या जमिनीवर चालतात तिच्या खालच्या कार्बन फायबरच्या तुळया. उत्तम काम आहे, शंकाच नाही. हैदराबादला अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे होतात, बंगळूरला २०२४ मध्ये ४३ एकरांचं इंजिनिअरिंग केंद्र सुरू झालं. वर्षाला सव्वा अब्ज डॉलरचा माल भारतातून घेतो असं बोइंग सांगते. पण नागपूरच्या तुळईला उद्या मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर तडा गेला, तर नागपूरच्याच हँगरमधल्या माणसाला काय करायचं ते सिएटलला विचारावं लागतं. सुटे भाग बनवणं आणि त्या भागाबद्दल निर्णय घेणं यात फार अंतर आहे. आपल्याकडच्या बातम्या पहिल्यावर खूष असतात.

परदेशी कंपनी करारात लिहिलेलं तेवढं देते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. नागपूरचा हँगर मिळाला कारण सही करायच्या आधी मागितला. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यातली २२० बोइंगची. ही खरेदी आता खासगी कंपनीची आहे, सरकारने तिच्या वतीने काही मागावं असं राहिलेलं नाही. पण डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, हवं असेल तर इथल्या इंजिनिअरांना दुरुस्तीचे आराखडे मंजूर करण्याचे अधिकार मिळावेत, त्यासाठी लागणारी आकडेमोड उघडी व्हावी, निदान प्रशिक्षणाच्या जागा वाढाव्यात, एवढा आग्रह धरता येईल. २०२० मध्ये देखभालीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारला हे विषय कळतात हे दिसलंच.

आणि नागपूरची गंमत ऐका. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण देखभालीची कंपनी सरकारकडेच राहिली. म्हणजे ज्या विमानांच्या सौद्यात तो हँगर मिळाला ती विमानं एका घरात आणि हँगर दुसऱ्या घरात. टाटांची एअर इंडिया आता बंगळूरला ३५ एकरांवर स्वतःचं वेगळं केंद्र बांधते आहे, सिंगापूरच्या कंपनीची मदत घेऊन.