बोअर मारण्याआधी

साखरप्याकडून अंबा घाट चढताना इंजिन जाम झालेली येझदी मोटरसायकल टेम्पोतून गॅरेजला आली. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा. "मिस्त्री, या खेपेला कार्बोरेटरच बदला की," मालक म्हणाले. कार्बोरेटर आधीच बदलून झाला होता, त्यातला पेट्रोल सोडणारा मेन जेट वाढवला होता, बोअरही मारला होता, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा पिस्टन घातला होता.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, काढला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, प्लग खडूसारखा पांढरा. ऑइल कमी पडलेलं नव्हतं. मालक पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली मोजून घालतात. "थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नव्हती," हे ते सहज बोलून गेले आणि मी बोअरचा विषय थांबवला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालचा क्रँककेस हवाबंदच लागतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण त्यातूनच जातं, फट पडली की जादा हवा शिरते, रेस चढते आणि इंजिन तापतं.

जुनाच ब्लॉक परत चढवला. कार्बोरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबर लावून बंद केले, पिस्टन खाली आणला आणि प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपानं ६ पीएसआय दाबाची हवा भरली. जास्त भरली तर चांगलं सीलही उचकटतं. दाबाचा काटा पाच मिनिटं तरी टिकायला हवा. इथं अर्ध्या मिनिटात शून्यावर. डायनॅमो उतरवून साबणाचं पाणी सोडलं, तर क्रँकच्या शाफ्टभोवतीच्या उजव्या ऑइल सीलच्या रबरी ओठाशी बुडबुड्यांची माळ.

डावं सील गेलं की गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर निघतो, कुणालाही कळतं. उजव्यातून नुसती हवा शिरते. डाग नाही, धूर नाही. गाडी तापते आणि चढाला धरते.

सील तर मागच्याच कामात घातलेलं. पण क्रँकच्या शाफ्टवर जुन्या सीलनं पाडलेली खाच नखाला लागत होती. तिच्यावर नवा ओठ टेकणार कसा? शाफ्ट पॉलिश करून नवं सील मिलिमीटरभर बाहेर बसवलं, ओठ कोऱ्या जागेवर आला. हवा टिकली. मगच ब्लॉक उद्यमनगरला बोअरला पाठवला. ही टेस्ट अर्ध्या तासाची. ती न घेता बोअर मारणाऱ्यांचा मला राग येतो. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. पिस्टन आजही मिळतो, ब्लॉकची घासलेली भिंत परत येत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काढलेल्या त्या सहा महिन्यांच्या सीलचा ओठ वाकवताच तुटला. रबरच हलकं होतं की पेट्रोलमधल्या इथेनॉलनं खाल्लं? आता व्हायटॉनचं, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं, घातलंय. दोन्ही जातींचे तुकडे पंपावरच्या पेट्रोलच्या बाटलीत टाकून फळीवर ठेवलेत, दर रविवारी काढून वाकवून बघतो.