मैनासाठी बिट: आतापर्यंतचं अपडेट

माझी घोडी मैना सध्या डबल जॉइंट एगबट स्नॅफलवर आहे (बिट म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग, स्नॅफल म्हणजे बाजूला दांडे नसलेलं साधं बिट, डबल जॉइंट म्हणजे दोन सांध्यांचं, एगबट म्हणजे कड्या सरकत नाहीत असं), रुंदी 12.5 सेमी, जाडी 14 मिमी, आणि आक्षीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत दुडकीत मान सैल सोडून चालते. इथवर कसं आलो ते सविस्तर लिहितोय कारण अलिबाग-मुरूड पट्ट्यात घोडे एवढे असून बिटाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, सगळी चर्चा खोगीर आणि नाल यावरच संपते.

मैना सारंगखेड्याच्या बाजारातली, मारवाडी घोडी, वय सहा. तिच्याबरोबर जो लगाम आला त्याच्या तोंडातल्या भागावर टोकदार गाठी आणि बाजूला लांब दांडे. तो मी त्याच दिवशी बाजूला ठेवला. दांड्याचं गणित सोपं आहे, दांड्याचा बिटाखालचा भाग वरच्या भागाच्या तिप्पट असेल तर हातातला ताण हनुवटीखालच्या साखळीवर साधारण तिप्पट होऊन बसतो, शिवाय कानांमागचा पट्टाही खाली ओढला जातो, म्हणजे हलक्या हाताचा जाणकार स्वार असेल तर ठीक पण रोजच्या रपेटीला ते कशाला. आणि काटेरी लगाम तर कायद्यानेच बंद आहे, 1965 च्या केंद्राच्या नियमांत स्वारीच्या जनावराला काटे किंवा टोकं असलेलं बिट वापरायला स्पष्ट मनाई आहे, तरी बाजारात सर्रास मिळतात याचं वाईट वाटतं.

साधं स्नॅफल घातलं तरी ती तोंड आभाळाकडे करायची, विशेषतः डावीकडे वळताना. इथे बरेच जण म्हणतात की घोडं हट्टी आहे, कडक बिट घाल. माझं मत ठाम आहे, आधी तोंड बघा. डॉक्टरांनी तोंड उघडून बॅटरीने दाखवलं, वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन डाव्या गालाला आतून घासत होत्या आणि त्याच बाजूला पहिल्या दाढेच्या पुढे एक वुल्फ टूथ, म्हणजे शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढा दात. बिट मागे आलं की नेमकं त्यावर आपटायचं! दाढा घासून घेतल्या, तो दात काढला, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तोंडात काही घातलं नाही, नुसत्या म्होरकीवर वाडीत फिरवलं आणि लाँजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, केलं.

मग माप. ओठाच्या कोपऱ्यातून पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत अंगठा घालून बघा एकदा, पातळ कातडीखाली हाडाची कड सरळ बोटाला लागते, मांस असं नाहीच. बिटाचा भार जिभेवर आणि या कडेवर येतो हे हाताला कळलं की रेन्स, म्हणजे लगामाचे हातातले पट्टे, ओढताना आपोआप विचार येतो. माप घ्यायला जाड सुतळीला एका टोकाला गाठ मारली, गाठ एका ओठाच्या कोपऱ्याला टेकवून सुतळी तोंडातून पलीकडे काढली आणि दुसऱ्या कोपऱ्याला पेनाने खूण. बारा सेमी भरलं. त्यात अर्धा सेमी मिळवला, म्हणजे साधारण पाच इंची. इथल्या दुकानांत बहुतेक साडेपाच इंची मिळालं, ते मारवाडीच्या निमुळत्या तोंडात डावी-उजवीकडे सरकतं आणि सिंगल जॉइंट असेल तर मधला सांधा जागेवरच राहत नाही. शेवटी कानपूरहून मागवलं.

सिंगल जॉइंट का सोडलं? दोन्ही रेन्स एकदम घेतले की ते अडकित्त्यासारखं मिटतं, जीभ दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि टाळू कमी उंचीची असेल तर सांधा वर टोचू शकतो. मैनाची टाळू सपाट आहे, जीभ जाड. ती तोंड उघडायची, जीभ मागे घ्यायची. मधे गुळगुळीत गोल मणी असलेलं डबल जॉइंट लावल्यावर पहिल्याच फेरीत जबडा चघळायला लागली, ओठांवर थोडा फेस, कान मोकळे. जाडीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की जितकं जाड तितकं मऊ. तोंडात आधीच जागा नसेल तर जाड बिट जिभेवर सतत दाबून बसतं, म्हणून 18 चं परत केलं आणि 14 घेतलं. एगबट घेतलं कारण लूज रिंगच्या, म्हणजे सुट्या फिरत्या कडीच्या बिटाच्या, भोकात ओठाची कातडी चिमटायची, तिथे तिला लालसर दिसलं होतं.

उंची म्हणाल तर ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती, फार तर दोन. नोजबँडखाली, म्हणजे नाकावरच्या पट्ट्याखाली, दोन बोटं जायलाच हवीत, आवळून तोंड बंद करणं हा उपाय नाही, ती काय सांगतेय तेच मग दिसत नाही.

किनाऱ्यावर घोडागाडी चालवणारे एक काका आहेत, त्यांनी बघून विचारलं, "अरे, एवढ्या साध्या लोखंडावर ही गर्दीत थांबेल का रे?" प्रश्न रास्त आहे, सुट्टीत किनाऱ्यावर पोरं, बाइक्स, पतंग सगळंच असतं. मी म्हटलं, "काका, ती बिटावर थांबत नाही, बसण्यावर थांबते." त्यांना दाखवलंसुद्धा, पाठ ताठ, मांड्या बंद, श्वास सोडला, रेन्स फक्त मुठीत मिटले, उभी राहिली. हे आधी वाडीच्या कुंपणात पक्कं केलं, मग सुरुच्या बनातल्या वाटेवर, आणि मगच मोकळ्या वाळूवर, हा क्रम कोणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या हवेसाठी एक गोष्ट, क्रोम मुलामा दिलेली स्वस्त बिटं घेऊ नका. खाऱ्या वाऱ्यात मुलामा सुटतो आणि त्याची कड ब्लेडसारखी होते. स्टेनलेस घ्या, रपेट झाली की गोड्या पाण्यात धुवा, सांध्यात वाळू अडकते ती बोटाने फिरवून काढा, आणि चामड्याचे पट्टे पावसाळ्यात बुरशी धरतात म्हणून बकलच्या घड्या रोज उघडून पुसा.

अजून एक राहिलंय. लांब सरळ किनाऱ्यावर कॅंटरला, म्हणजे संथ दौडीला, रेवदंड्याच्या दिशेने तोंड केलं की ती पुढे झुकून हातावर भार टाकते. त्यासाठी बिट बदलणार नाहीये, मोठी वर्तुळं आणि दुडकी-कॅंटर-दुडकी असे बदल चालू केलेत, दाढा पुन्हा तपासायची वेळही पावसाळ्यानंतर येतेय. कोणाच्या मारवाडी घोडीला मलन माऊथ, म्हणजे सांधा नसलेलं, थोडं कमानदार बिट, मानवलं असेल तर टाळूचा आकार आणि माप नक्की कळवा.