पासष्ट नंबर

25 नोव्हेंबर 2023. अमेरिकेत ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना, लाखावर माणसं आणि सगळी चिडीचूप. मिशिगनचा राइट गार्ड, म्हणजे पुढच्या रांगेतला उजवीकडचा गडी, झॅक झिंटर पाय मोडून मैदानावर पडला होता. समोर ओहायो स्टेट विद्यापीठ, दोन्ही संघ तोवर अपराजित, स्कोअर 17-17. गाडीवरून त्याला बाहेर नेलं तेव्हा माझ्या शेजारची आजी डोळे पुसत होती.

कार्सन बार्नहार्ट शेजारच्या टॅकलच्या जागेवरून सरकून गार्डला आला, ट्रेंटे जोन्स त्याच्या जागी. आणि पहिल्याच प्लेला, म्हणजे खेळीला, ब्लेक कोरम चेंडू घेऊन 22 यार्ड पळत गोलरेषेपार गेला, टचडाउन! बोटांनी त्यानं आधी सहा दाखवले, मग पाच. झिंटरचा नंबर 65. मी इतका ओरडलो की दोन दिवस घसा बसला होता.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पायानं खेळायचा. हा अमेरिकन खेळ मला समजला तो लाइनमुळे, म्हणजे गार्ड-टॅकलांच्या पुढच्या रांगेमुळे, कारण तिथे कुस्तीच चालते. जो खाली वाकून शिरतो तो समोरच्याला उचलतो. त्याच महिन्यात पेन स्टेटविरुद्ध मिशिगननं शेवटचे 32 प्ले चेंडू घेऊन नुसतं पळूनच काढले. पुढे काय येणार हे सगळ्यांना दिसत होतं, तरी अडवता आलं नाही.

चांगली कॉलेज टीम कोणती, असं विचारलं की लोक चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं नाव घेतात. मी राखीव लाइनमन बघतो. कॉलेजात पोरं तीन-चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे मागची फळी आधीच तयार लागते. दुसरं म्हणजे थांबणारी पोरं. कोरम, झिंटर, ट्रेव्हर कीगन, तिघांनाही वर्षभर आधी एनएफएलची, म्हणजे व्यावसायिक लीगची, वाट मोकळी होती. ते परत आले. 2020 मध्ये हाच संघ सहापैकी चार सामने हरला होता, ते दिवस त्यांनी पाहिले होते. अशी मोठी पोरं नव्यांना जे शिकवतात ते कोचलाही जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्या ओहायो सामन्याला मुख्य कोच निलंबित होता, तरी 30-24 जिंकलोच. जानेवारीत ह्यूस्टनमध्ये अंतिम सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाला 34-13 हरवून मोसम 15-0, पंधरा विजय आणि पराभव शून्य.

पुढच्या मोसमात लाइनची ती सगळी पोरं गेली, क्वार्टरबॅक गेला, कोच गेला. आठ विजय, पाच पराभव. मी मात्र प्रत्येक शनिवारी सामन्याच्या तासभर आधी जाऊन बसलो, सराव करताना लाइनमधली राखीव पोरं कोण आहेत ते बघायला.