अ‍ॅटिका डोक्यातून जात नाहीये

सध्या रात्री अ‍ॅटिकाबद्दल वाचत बसते आणि मग झोपेचं खोबरं होतं. न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग, सप्टेंबर १९७१. जागा सोळाशेची आणि आत २२०० च्या आसपास माणसं कोंबलेली, निम्म्याहून जास्त काळी, गार्ड जवळजवळ सगळे गोरे, आंघोळ आठवड्यातून एकदा, टॉयलेट पेपर महिन्याला एक रोल.

त्याआधी २१ ऑगस्टला तिकडे कॅलिफोर्नियात सॅन क्वेंटिन तुरुंगात जॉर्ज जॅक्सन या काळ्या कैद्याला गार्डनी गोळी घातली. पेट्रोल पंपावरच्या ७० डॉलरच्या चोरीसाठी ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशी शिक्षा, म्हणजे कधी सोडायचं ते पॅरोल बोर्डाच्या मर्जीवर, अकरा वर्षं आतच गेली आणि आतच तो वाचून वाचून राजकीय झाला. त्या दिवशी सॅन क्वेंटिनमध्ये तीन गार्ड आणि दोन कैदीही मेले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅटिकात कैदी दंडाला काळी पट्टी बांधून नाश्त्याला आले, कुणी बोललं नाही, कुणी घास खाल्ला नाही. गार्ड घाबरले म्हणे, आणि का घाबरले ते मला पूर्ण कळतं.

९ सप्टेंबरला अ‍ॅटिकात उठाव झाला, काही गार्डना ओलीस धरलं, मारहाण झाली, मार खाल्लेला गार्ड विल्यम क्विन दोन दिवसांनी गेला, कैद्यांनी तीन कैद्यांनाही जिवे मारलं. हे सगळं खरंच. पण त्याच यार्डात त्यांनी निवडणूक घेऊन प्रतिनिधी नेमले, दवाखाना उभा केला, आणि ओलीस गार्डांना कुणी हात लावू नये म्हणून काळे मुस्लिम कैदी त्यांच्याभोवती पहाऱ्याला उभे राहिले. एल. डी. बार्कली, वय २१, त्याने कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलं की आम्ही माणसं आहोत, जनावरं नाही. मागण्या काय, तर डॉक्टर, नीट जेवण, कामाचा किमान पगार, धर्म पाळायची मोकळीक. बऱ्याचशा मान्यही झाल्या होत्या, घोडं अडलं ते उठावासाठी खटले भरू नका या माफीवर, आणि गव्हर्नर रॉकफेलर शेवटपर्यंत तिथे आलेच नाहीत.

१३ तारखेला आधी हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर आणि मग पोलिसांचा गोळीबार, काही मिनिटांच्या त्या गोळ्यांनी २९ कैदी आणि १० ओलीस मेले, बार्कलीही गेला. वाचलेल्यांना नागडं करून चिखलातून सरपटवलं, काठ्यांनी झोडपलं.

संताप येतो तो पुढच्या भागाचा. सरकारी लोकांनी सांगितलं की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, पेपरांनी तसंच छापलं. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर जॉन एडलँड दुसऱ्याच दिवशी म्हणाले, गळे बिळे काही नाही, सगळे गोळ्यांनी मेलेत, आणि कैद्यांकडे तर बंदुकाच नव्हत्या. लोकांनी त्यांनाच शिव्या घातल्या. सरकारने पुन्हा तपासणी करवून घेतली तरी निष्कर्ष तोच.

गोळ्या झाडणाऱ्या एकाही पोलिसाला शिक्षा झाली नाही. कैद्यांना भरपाई मिळाली ती २००० साली, चूक कबूल न करता. आणि मेलेल्या गार्डांच्या बायकांना सुरुवातीलाच छोटे छोटे चेक दिले होते, ते वटवले म्हणून त्यांचा सरकारवर केस करायचा हक्कच गेला, त्यांना २००५ पर्यंत थांबावं लागलं.